एक झटका म्हणजे नेमका किती?

पाटण तालुक्यातल्या आमच्या घरी भूकंपाचे धक्के मोजायचं काम आजीचं. कोयनेच्या पट्ट्यात लहानमोठे धक्के बसतच असतात. बाहेरच्यांना ती बातमी वाटते, आम्हाला सवय झाली आहे. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ रिश्टरचा मोठा भूकंप झाला, तेव्हा आजी नुकतीच लग्न होऊन या घरात आली होती. त्या रात्रीनंतर कितीतरी दिवस सगळं गाव उघड्यावर झोपलं. आजी सांगते, "पयला धक्का कुनालाबी कळतो गं. फुडचं मोजायचं तर भांड्यांकडं कान लावायचा. मांडणीवरची भांडी गप झाली आन् मग वाजली, तर त्यो दुसरा. गप झालीच न्हाईत, तर त्यो त्योच."

हे मी लहानपणापासून शंभरदा ऐकलं होतं. त्याचा उपयोग मला एका ताऱ्याचे झटके मोजताना होईल, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

जुलै २०२० मध्ये माझं एम.एस्सी.चं दुसरं वर्ष सुरू झालं. वर्ग बंद, पुण्यातली खोली सोडलेली, मी घरी. प्रकल्पाचा विषय मॅडमनी फोनवरच सांगितला. एसजीआर १९३५+२१५४ नावाच्या मॅग्नेटारने, म्हणजे प्रचंड चुंबकत्वाच्या एका ताऱ्याने, त्याच एप्रिलमध्ये गॅमा किरणांच्या झटक्यांचा सडा पाडला होता. फर्मी उपग्रहाचा डेटा सगळ्यांसाठी खुला आहे. "त्यातून झटके तू स्वतः शोध. दुसऱ्यांची यादी आधी बघायची नाही. मग ते ताऱ्याच्या कुठल्या भागातून येतात याबद्दल काही म्हणता येतं का, ते पाहू."

एसजीआर म्हणजे सॉफ्ट गॅमा रिपीटर. नेहमीचे गॅमा किरण स्फोट एकदाच होतात. एखादा प्रचंड तारा कोसळतो किंवा दोन न्यूट्रॉन तारे (मोठे तारे फुटल्यावर उरलेले अतिघट्ट गोळे) एकमेकांत मिसळतात, आणि त्या जागेहून तसा स्फोट पुन्हा येत नाही. रिपीटर मात्र पुन्हा पुन्हा झटके देतो, म्हणजे झटका देऊनही तो शाबूत राहतो. त्याचे गॅमा किरण तुलनेने मवाळ, कमी ऊर्जेचे असतात आणि एकेक झटका साधारण सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा असतो. मला या विषयात सगळ्यात आधी ओढलं ते या 'शाबूत राहण्याने'. जे पुन्हा येतं त्याची गाठ घेता येते, वाट पाहता येते, मोजता येतं.

पहिले दोन महिने नुसतं वाचन केलं. २ जुलै १९६७ ला अमेरिकेच्या वेला उपग्रहांनी पहिला गॅमा किरण स्फोट टिपला. हे उपग्रह सोडले होते चोरून केलेल्या अणुचाचण्या पकडायला. ती नोंद प्रसिद्ध झाली १९७३ मध्ये. पुढचा मोठा दिवस ५ मार्च १९७९. शुक्राकडे सोडलेली सोव्हिएत रशियाची व्हेनेरा ११ आणि १२ ही याने तेव्हा अवकाशात होती, आणि त्यांच्यावर लेनिनग्राडच्या येवगेनी माझेट्स यांच्या गटाची उपकरणं बसवलेली होती. एका क्षणात त्या उपकरणांचे आकडे मापाबाहेर गेले. सेकंदाच्या पाचव्या भागात मुख्य भडका उडून गेला, आणि मग जवळपास ३ मिनिटं दर ८ सेकंदांनी हेलकावे खात एक शेपूट विरत गेली. सूर्यमालेत विखुरलेल्या वेगवेगळ्या यानांवर तो भडका किती आगेमागे पोचला यावरून दिशा काढली गेली. ती निघाली १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवरच्या मोठ्या मॅजेलनी मेघातली, एका जुन्या ताऱ्याच्या स्फोटातून उरलेल्या ढगाची. दुसऱ्याच दिवशी तिथून आणखी एक लहान झटका आला.

दर ८ सेकंदांचा हेलकावा म्हणजे फिरणारा न्यूट्रॉन तारा. भोवतीचा स्फोटाचा ढग म्हणजे तारा तरुण. इथवर सरळ आहे. पण तरुण न्यूट्रॉन तारे सेकंदाला कितीतरी फेऱ्या मारतात. हा एवढा मंद का? आणि इतक्या मंद फिरणाऱ्या ताऱ्याकडे एवढी ऊर्जा कुठून आली?

याचं उत्तर १९९२ मध्ये रॉबर्ट डंकन आणि क्रिस्टोफर थॉम्पसन यांनी मांडलं आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे बोहदान पाचिन्स्की यांनीही: चुंबकत्व. तारा जन्मताना त्याचं चुंबकीय क्षेत्र इतकं वाढतं की पुढे तोच त्याचा मुख्य ऊर्जासाठा ठरतो, आणि तेच क्षेत्र ब्रेकसारखं काम करून ताऱ्याला भराभर मंद करतं. अशा ताऱ्याला डंकन-थॉम्पसन यांनी मॅग्नेटार हे नाव दिलं. सहा वर्षांनी, १९९८ मध्ये, क्रिसा कूव्हेलिओतू यांच्या गटाने एसजीआर १८०६-२० या रिपीटरचा ७.४७ सेकंदांचा ठोका शोधला, तो किती वेगाने मंदावतोय हे मोजलं आणि त्यावरून क्षेत्र काढलं. ते सुमारे ८०० लाख कोटी गॉस निघालं. पृथ्वीचं क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास असतं आणि दवाखान्यातल्या दीड टेस्लाच्या एमआरआय यंत्राचं १५ हजार गॉस.

मला हे नुसतं वाचून पुरेना. एका रात्री वही घेऊन बसले. माझ्या ताऱ्याची एक फेरी ३.२४ सेकंदांची. न्यूट्रॉन ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे दीडपट आणि रुंदी जेमतेम २०-२४ किलोमीटर, म्हणजे पाटण ते कऱ्हाड अंतराहून कमीच. त्याच्या फिरण्यात साठलेली सगळी ऊर्जा काढली, मग एसजीआर १८०६-२० ची काढली आणि ती त्या ताऱ्याच्या २७ डिसेंबर २००४ च्या महास्फोटाशी ताडून पाहिली. तो महास्फोट आला तेव्हा आपल्याकडे २८ तारखेची पहाट होती, तीन वाजले होते, आणि दोनच दिवसांपूर्वीच्या त्सुनामीने सगळा देश सुन्न होता. तारा आपल्यापासून हजारो प्रकाशवर्षं दूर, तरी त्या भडक्याने पृथ्वीच्या वातावरणाचा वरचा थर, आयनांबर, ढवळून निघाला आणि चंद्रावरून परावर्तित झालेले गॅमा किरणही एका उपग्रहाने टिपले. माझ्या वहीत हिशेब असा निघाला की त्या पाव सेकंदात जेवढी ऊर्जा बाहेर पडली, तेवढी त्या ताऱ्याच्या अख्ख्या फिरण्यात मिळून नव्हती. कितीतरी पटींनी कमी होती. चुंबकीय क्षेत्राचा हिशेब मांडला तेव्हा मात्र साठा पुरून उरत होता. डंकन-थॉम्पसन यांचं म्हणणं मला पटलं ते त्या पानावर, दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिल्यावर.

मग प्रत्यक्ष डेटा. फर्मीवरच्या गॅमा-रे बर्स्ट मॉनिटर या उपकरणात सोडियम आयोडाइडचे १२ डिटेक्टर वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसवलेले आहेत, शिवाय जास्त ऊर्जेसाठी आणखी २. प्रत्येक फोटॉन, म्हणजे किरणांचा एकेक कण, आला की त्याची वेळ मिलिसेकंदाहूनही बारीक नोंदली जाते. दर तासाची, दर डिटेक्टरची वेगळी फाइल. आमच्या घरात रेंज येते ती गच्चीच्या आग्नेय कोपऱ्यात. रात्री अकरानंतर नेट जरा पळायचं, म्हणून लॅपटॉप तिथे ठेवून, पावसाळ्यात वर पत्रा टाकून, फाइली उतरवायच्या. पहाटे उठून बघायचं तर निम्म्या अर्धवट तुटलेल्या. महिनाभर हेच चाललं. शेवटी मॅडमनी विभागातल्या कॉम्प्युटरवर लॉगिन मिळवून दिलं. मग डेटा तिथेच ठेवायचा, काम घरून करायचं आणि चित्रं तेवढी उतरवायची.

काम ऐकायला सोपं आहे. आलेले फोटॉन १६ मिलिसेकंदांच्या कप्प्यांत टाकायचे, आजूबाजूची नेहमीची सरासरी काढायची, आणि योगायोगाने येण्याची शक्यता नगण्य असावी इतके जास्त फोटॉन ज्या कप्प्यात दिसतील तो कप्पा बाजूला काढायचा. पहिल्यांदा कोड चालवला तेव्हा यादी इतकी लांब आली की मी हरखून गेले. त्यातलं बरंच काही मॅग्नेटारचं नव्हतं. एकाच डिटेक्टरमध्ये उसळी आणि बाकीचे शांत, तर तो त्या डिटेक्टरचाच दोष, म्हणून निदान दोन डिटेक्टरमध्ये दिसायलाच हवी. एक मिलिसेकंदाहून छोटी आणि जास्त ऊर्जेची असेल, तर ती खाली पृथ्वीवरच्या वादळातून आलेली. विजा कडाडताना ढगांतूनही गॅमा किरण निघतात हे मला तोवर माहीत नव्हतं. दक्षिण अटलांटिकवरून जाताना विद्युतभारित कणांचा इतका मारा होतो की डिटेक्टर बंदच ठेवावे लागतात, आणि त्या आधीच्या-नंतरच्या मिनिटांत पार्श्वभूमी चढउतार करत असते. उलट खरे झटके कधी इतके तेजस्वी असतात की उपकरण भरून जातं आणि शिखर वरून कापल्यासारखं सपाट दिसतं. त्या झटक्यांची ऊर्जा मोजायचीच नाही, 'निदान एवढी' इतकंच लिहायचं.

दिशा कळण्याची रीत मला फार आवडली. या उपकरणाला दुर्बिणीसारखी नजर नाही. पण बारा तोंडांपैकी कोणाला किती फोटॉन मिळाले याच्या प्रमाणावरून झटका साधारण कुठून आला ते कळतं. आपण डोळे मिटून चेहऱ्याच्या कुठल्या बाजूला ऊन लागतंय यावरून सूर्य सांगतो, तसं. मॅग्नेटारकडे तोंड असलेले तीन-चार डिटेक्टर उसळले, पाठ असलेले गप्प राहिले, की त्या ओळीपुढे मी हिरवी खूण करायची.

या सगळ्यात एक झटका मला हवाच होता. २८ एप्रिल २०२० ला, आपल्या घड्याळात रात्री ८ वाजून ४ मिनिटांनी, या ताऱ्याकडून रेडिओ लहरींचा एक प्रखर, काही मिलिसेकंदांचा झटका आला. कॅनडातल्या चाइम दुर्बिणीने आणि अमेरिकेतल्या स्टेअर-२ या छोट्या अँटेनांनी तो पकडला. दुसऱ्या दीर्घिकांतून येणारे असे वेगवान रेडिओ स्फोट कशातून होतात, यावर तेरा वर्षं वाद चालला होता. आपल्याच आकाशगंगेतल्या, ठाऊक असलेल्या ताऱ्याने तसाच आवाज दिला आणि निदान काही स्फोट तरी मॅग्नेटार करतात हे स्पष्ट झालं. त्याच क्षणी एक्स किरणांचा झटकाही आला, आणि त्यातली दोन शिखरं रेडिओच्या दोन शिखरांशी, जवळपास ३० मिलिसेकंदांच्या अंतराने, जुळली. इंटिग्रल, चीनचा इनसाइट, कोनस-विंड आणि अजिले या अवकाशातल्या उपकरणांनी तो नोंदवला.

माझ्या यादीत तो नव्हता. मी चार दिवस कोड उसवत बसले. उंबरठा खाली आणला, कप्पे बारीक केले, मोठे केले. त्या सेकंदाभोवती सपाट पार्श्वभूमी, बस. एकदा वाटलं वेळेच्या रूपांतरात चूक आहे. फर्मीचं घड्याळ २००१ च्या आरंभापासूनचे सेकंद मोजतं आणि लीप सेकंदांचा घोळ होऊ शकतो. तेही तपासून झालं. शेवटी मॅडमना फोन केला. त्यांनी विचारलं, "त्या वेळी फर्मी कुठे होता, बघितलंस?"

उपग्रहाच्या जागेची रोजची वेगळी फाइल असते. ती उघडून कोन काढला, आणि चार दिवसांचं कोडं पाच मिनिटांत सुटलं. फर्मी साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास उंचीवरून दीड तासाला एक फेरी मारतो, त्यामुळे आकाशाचा जवळजवळ तिसरा हिस्सा कुठल्याही क्षणी पृथ्वीआड असतो. रात्री ८ वाजून ४ मिनिटांनी फर्मी आणि माझा तारा यांच्यामध्ये पृथ्वी होती. तो झटका पृथ्वीच्या पलीकडच्या अंगावर आदळून संपला होता. मला खूप वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्या दिवसापासून 'या तासात झटका नाही' असं लिहिण्याआधी 'या तासात तारा दिसत होता का' हा रकाना मी पहिला भरते. त्याशिवाय दोन झटक्यांमधला निवांत काळ खरा की पृथ्वीआडचा, हे कळतच नाही.

आता मूळ प्रश्न: झटके ताऱ्याच्या कुठल्या भागातून येतात? कवचावर एकच कच्ची जागा असेल आणि दर वेळी तीच तडकत असेल, तर ती जागा आपल्यासमोर असताना झटके जास्त दिसावेत आणि मागे गेली की कमी. म्हणून प्रत्येक झटक्याची वेळ ३.२४७ सेकंदांच्या फेरीत कुठे पडते ते काढायचं. त्याआधी एक दुरुस्ती लागते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे ताऱ्याकडून येणाऱ्या प्रकाशाला कधी कमी अंतर कापावं लागतं, कधी जास्त. एप्रिलअखेर या ताऱ्यासाठी हा फरक एका दिवसात सहा सेकंदांच्या आसपास होतो, म्हणजे जवळजवळ दोन फेऱ्या. तो काढल्याशिवाय सगळं पाण्यावरची रेघ. सगळ्या वेळा सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यावर नेऊन ठेवल्या आणि चित्र काढलं.

पाहते तो फेरीच्या एका भागात स्पष्ट उंचवटा. झटके एका जागी गोळा झालेले. रात्रीचे दोन वाजले होते. मी आईला उठवून ते चित्र दाखवलं. तिने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "डोंगर झालाय." मला त्या डोंगरात कवचावरची ती एकच कच्ची जागा दिसत होती.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर मॅडमनी तो आलेख बराच वेळ पाहिला. मग एकच विचारलं: "यात एक झटका म्हणजे तू काय धरलंयस?"

मी प्रत्येक शिखर वेगळं धरलं होतं. या ताऱ्याचे मोठे झटके एकाच शिखराचे नसतात. एकात पाच, सात, कधी त्याहून जास्त शिखरं, सगळी अर्ध्या सेकंदात. माझ्या कोडने त्यांना सात वेगळे झटके म्हटलं आणि साहजिकच ते सातही फेरीत एकाच जागी पडले. असे दोन-तीन मोठे झटके योगायोगाने जवळपासच्या कोनात आले होते, आणि त्यांचीच शिखरं चढून तो डोंगर झाला होता.

"मग शिखरं कुठे तोडायची?" असं मी विचारलं. या क्षेत्रात एक संकेत रूढ आहे. दोन शिखरांमध्ये फोटॉन पुरते पार्श्वभूमीपर्यंत खाली आले पाहिजेत, आणि शिखरांमधलं अंतर ताऱ्याच्या फेरीच्या पाव भागाहून जास्त पाहिजे. तरच ते दोन. नाहीतर तो एकच झटका. मॅडम सांगत होत्या आणि मला स्वयंपाकघरातून आजीचा आवाज आल्यासारखं झालं: भांडी गप झाली आन् मग वाजली, तर त्यो दुसरा. मी मॅडमना ते सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर आहे. आजींना विचार, मोठ्या धक्क्यानंतर मोजणं जड जायचं का." विचारलं. आजी म्हणाली, "पयल्या रातीला कोन मोजतंय. भांडी मांडणीवर व्हतीच कुठं?"

हे अगदी खरं होतं. २८ एप्रिलला सकाळी सहाच्या सुमारास अंतराळ स्थानकावरच्या नायसर दुर्बिणीने ११२० सेकंदांत २१७ झटके मोजले. त्या गर्दीत पार्श्वभूमीच शिल्लक राहत नाही. झटक्यांचं रान म्हणतात त्याला. त्या रानातली माझी मोजणी मी वेगळी ठेवली, बाकीच्यांत मिसळली नाही.

नव्या व्याख्येने सगळी यादी पुन्हा केली. तीन आठवडे लागले, कारण कोडवर विसंबून न राहता प्रत्येक लाइटकर्व्ह, म्हणजे वेळेनुसार फोटॉनचा आलेख, डोळ्यांनी पाहिला. मग फेरीवर पसरवलं. डोंगर गेला. झटके फेरीभर साधारण सारखे विखुरलेले. आधीच्या संशोधकांनी दुसऱ्या मॅग्नेटारांवर हेच पाहिलं होतं. एका अर्थी मी नवं काही शोधलं नव्हतं, पण माझ्या हाताने आलेलं ते सपाट चित्र मला डोंगरापेक्षा जास्त मोलाचं वाटतं, आजही.

सपाट चित्राचा अर्थ लावणं सोपं नाही. न्यूट्रॉन ताऱ्याचं गुरुत्व इतकं जबर असतं की प्रकाश वाकतो आणि पाठीमागचाही काही भाग आपल्याला दिसतो. त्यामुळे एकच जागा असली तरी ती बराच वेळ दिसत राहू शकते. किंवा कवच ठिकठिकाणी तडकत असेल. किंवा झटका कवचावर होतच नसेल, वर चुंबकीय रेषांच्या पसाऱ्यात होत असेल आणि तो चहूकडून दिसत असेल. थॉम्पसन आणि डंकन यांनी १९९५ मध्ये मांडलेलं चित्र तारकंपाचं आहे. आतलं क्षेत्र सरकतं, एक किलोमीटर जाडीच्या कवचावर ताण चढत जातो, कवच हार मानतं, वरच्या रेषांना हिसका बसतो आणि त्यातून गॅमा किरण उसळतात. कोयनेत वाढलेल्या मुलीला हे चित्र किती जवळचं वाटलं असेल, सांगायला नको. त्यात १९९० च्या दशकात संशोधकांनी दाखवलंच होतं की या झटक्यांच्या ऊर्जा भूकंपांसारख्या वाटलेल्या असतात: लहान पुष्कळ, मोठे विरळ, आणि घट ठरावीक प्रमाणात. माझ्या यादीतही तीच उतरण आली.

पहिल्या मसुद्यात मी लिहून टाकलं होतं की यावरून तारकंप सिद्ध होतो. मॅडमनी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली. सूर्यावरच्या ज्वालांच्या ऊर्जाही अशाच वाटलेल्या असतात आणि तिथे कवच नाही, नुसत्या चुंबकीय रेषा तुटतात आणि जुळतात. ताण हळूहळू साठून अचानक सुटणाऱ्या कुठल्याही गोष्टीत ही उतरण दिसू शकते. शिवाय खडक तडकतो तेव्हा भेग उघडते; न्यूट्रॉन ताऱ्याच्या कवचात दाब इतका असतो की भेग उघडायला जागाच नाही. म्हणून काहींचं म्हणणं आहे की ते कवच फुटण्याऐवजी तापलेल्या लोखंडासारखं वाहतं. कोयनेत गोठणे गावात ३ किलोमीटर खोल भोक पाडून खडक हातात घेता आला. इथे तसलं काही नाही, आहेत ते फोटॉनचे आकडे.

कवचाच्या बाजूने सगळ्यात ठोस मला वाटते ती २००४ च्या महास्फोटाच्या शेपटीतली थरथर. त्या शेपटीत सेकंदाला ९२ वेळा, शिवाय १८ आणि ३० वेळा अशी कंपनं सापडली. कवच घंटेसारखं थरथरलं तर साधारण अशाच आकड्यांची अपेक्षा असते. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये, माझा प्रबंध देऊन वर्ष उलटल्यावर, याच ताऱ्याने आणखी एक गोष्ट दाखवली. त्याचा वेग एकदम वाढला, जवळपास नऊ तासांनी पुन्हा एकदम वाढला, आणि या दोन उड्यांच्या मध्ये रेडिओ झटका आला. वेगात अशी उडी येते ती ताऱ्याच्या आतल्या उलथापालथीने. ती बातमी मी पुण्यात लायब्ररीत वाचली आणि उभीच राहिले. आतली हालचाल आणि बाहेरचा झटका इतक्या जवळ, इतक्या ओळीने कधी दिसले नव्हते.

तरी चित्र पुरं झालेलं नाही. २८ एप्रिलच्या त्या रेडिओ झटक्याच्या काही तास आधी चीनची फास्ट दुर्बीण याच ताऱ्याकडे रोखलेली होती. त्या वेळात फर्मीने २९ गॅमा झटके टिपले. फास्टला एकाही झटक्याबरोबर रेडिओ मिळाला नाही. ते २९ झटके असलेला तास माझ्याही यादीत आहे, त्यांच्या आकृत्या मी इतक्या वेळा पाहिल्या आहेत की काही तोंडपाठ आहेत. एकच तारा, एकच दिवस, आणि एका झटक्याला रेडिओचा आवाज आहे, बाकीचे मुके. असं का, यावर अजून एकमत नाही. मला स्वतःला वाटतं की रेडिओवाला झटका ताऱ्याच्या ध्रुवाजवळच्या उघड्या रेषांतून आलेला असावा, असं म्हणणाऱ्यांची बाजू जास्त पटण्याजोगी आहे. त्या झटक्याचे एक्स किरणही बाकीच्यांपेक्षा जास्त ऊर्जेपर्यंत पोचलेले होते. पण त्यासाठी असे आणखी झटके हवेत, आणि ते येतील तेव्हा मध्ये पृथ्वी नको.

२०२१ च्या उन्हाळ्यात प्रबंध दिला. तोंडी परीक्षाही ऑनलाइनच झाली, त्याच गच्चीच्या कोपऱ्यातून. आजी शेजारी खाटेवर बसून ऐकत होती. परीक्षकांनी विचारलेला सगळ्यात कठीण प्रश्न व्याख्येबद्दलचाच होता: पाव फेरी का, तिसरा हिस्सा का नाही? मी खरं तेच सांगितलं. हा संकेत आहे, निसर्गाने घालून दिलेला नियम नाही. तो बदलला तर एकूण संख्या किती बदलते आणि फेरीवरचं चित्र सपाटच राहतं का, याचा तक्ता मी जोडला होता. चित्र सपाट राहत होतं.

त्या यादीत काही ओळींपुढे मी अजूनही प्रश्नचिन्ह ठेवलं आहे. त्यांत दोन शिखरांमधलं अंतर ०.८ सेकंदाच्या आसपास आहे, जवळजवळ बरोबर पाव फेरी, आणि मधले फोटॉन पार्श्वभूमीला टेकल्यासारखे वाटतात, पण नक्की टेकले का ते कप्पा कुठून सुरू केला यावर ठरतं. त्या ओळी मी दोन्हीकडे मोजल्या आहेत, एकदा एक म्हणून आणि एकदा दोन म्हणून.